ज्वारीवर उभं राहिलेलं गाव : बार्शी-वैराग-मोहोळ पट्ट्यात काय कसं चालायचं आणि काय बदललं

सीनाकाठ (धागाकर्ते)

नमस्कार मंडळी. सोलापूर जिल्ह्यातल्या लहान गावांच्या आठवणी निघाल्या की जत्रा, बोरं, चिंचा आणि एसटीचा लाल डबा इथंच गाडी फिरत राहते. या धाग्यात थोडं वेगळं करू. लहानपणी जे सगळ्यांच्या डोळ्यांसमोर चालायचं पण पोरांना कुणी फोड करून सांगायचं नाही, ते मापासकट लिहू. पेव (धान्य साठवायचा जमिनीतला खड्डा) कसं भरायचे, खळं (मळणीची जागा) कसं धरायचे, माळवद (मातीचं सपाट छप्पर) कशानं गळायचं. आणि ते का बंद पडलं, तेही.

माझं म्हणणं एवढंच की आपला पट्टा शाळू, म्हणजे रब्बी ज्वारीवर उभा होता. दाणा माणसाला, कडबा बैलाला, बैल शेताला आणि मोटेला. सुताराचं, लोहाराचं वर्षाचं बलुतं ज्वारीत. त्यामुळे बदल एकेकटे झाले नाहीत, एका पाठोपाठ एक झाले. बैल गेले म्हणून खळं गेलं, पाणी आलं म्हणून ऊस आला, ऊस आला म्हणून पेव बुजलं.

सुरुवात पेरणीपासून करतो. शाळूची पेरणी उत्तरा आणि हस्त नक्षत्रात, म्हणजे सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत. त्याआधी पेरली तर खोडमाशी पोंगे (मधले कोवळे शेंडे) मारते, उशीर केला तर जमिनीतली ओल कमी पडते आणि कणीस पोटरीतच अडकतं. एकरी साधारण ४ किलो बी, दोन ओळींत १८ इंच, खोली दोन इंच. तिफणीच्या चाड्यातून मुठीनं बी सोडणारी बाई हीच खरी कसबी. मूठ सैल सुटली की दाट, आवळली की पातळ. ओल्या चिखलानं एखादा नळा बुजला आणि वेळेत कळलं नाही, तर शेताच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत अख्खी ओळ रिकामी. म्हणून प्रत्येक तासाच्या शेवटी नळे ठोकून बघायची पद्धत होती. आता ट्रॅक्टरच्या पेरणी यंत्रालाही हाच रोग आहे, फक्त बघणारं माणूस पुढे तोंड करून बसलेलं असतं.

कोळपं

सीनाकाठ दादा, कोळपणी विसरू नका, कोरडवाहूचं निम्मं पीक तिथं आहे. आपली काळी जमीन ओल उडायला लागली की भेगाळते आणि भेगेतून खालची ओल निघून जाते. म्हणून तीन कोळपण्या. पहिली पीक तीन आठवड्यांचं झालं की फटीच्या कोळप्यानं, दुसरी पाच आठवड्यांनी पासेच्या कोळप्यानं, तिसरी आठव्या आठवड्यात दातेरी कोळप्यानं. पहिल्या दोन तणासाठी, तिसरी मुख्यतः भेगा बुजवायला. मातीची वरची भुसभुशीत पापडी खालची ओल झाकून धरते. तिसरी टाळली की दाणा बारीक राहतो, हे पाऊस नसलेल्या वर्षी लगेच दिसतं.

बियाण्याबद्दल. मालदांडी ३५-१ ही निवड मोहोळच्या संशोधन केंद्रावरची. इतकी वर्षं टिकली ती भाकरीच्या चवीमुळे आणि कडब्यामुळे. आता राहुरी विद्यापीठाचे वाण जमीन बघून निवडता येतात : हलक्या जमिनीला फुले अनुराधा किंवा फुले माऊली, मध्यमला फुले सुचित्रा, भारीला फुले वसुधा, भारी आणि पाण्याखालच्या जमिनीला फुले रेवती. घरचं बी वापरत असाल तर काणी (कणसावरचा बुरशीचा रोग) येऊ नये म्हणून ३०० मेशचं गंधक किलोला ४ ग्रॅम चोळा. दहा मिनिटांचं काम आहे.

वडाळ्याची_लेक

खळ्याबद्दल मी लिहिते. आपल्याकडे शाळू कापत नाहीत, मुळासकट उपटतात. एक ताट वाकवून दोन्ही हातांनी झटका द्यायचा. जमीन फार वाळली असेल तर ताट मध्येच तुटतं आणि तळहाताला फोड येतात, म्हणून उपटणी पहाटे, दवाची ओल असताना सुरू व्हायची. उपटलेली ताटं काही दिवस शेतात पसरून ठेवायची, मग कणसं मोडायची आणि कडब्याच्या पेंढ्या बांधायच्या.

खळं धरायला वीस-पंचवीस फुटांचा गोल. गवत काढून, पाणी मारून, बैल फिरवून जमीन कडक करायची आणि वर शेणाचा सडा-सारवण. सारवण पातळ राहिलं तर माती दाण्यात येते आणि भाकरीत कचकच लागते. मधोमध तिवडा (लाकडी खांब) पुरायचा, त्याला बैलांची पात (एका ओळीत बांधलेले बैल) जुंपायची, तोंडाला मुसकी. तिवड्याजवळचा बैल सगळ्यात संथ आणि म्हातारा घ्यायचा, कारण त्याला जवळजवळ जागेवरच फिरावं लागतं. बाहेरचा चालीचा. उलटं केलं की पात ओढाताण करते.

मग उपणणी. वावडीवर (उंच तिपाईवर) उभं राहून पाटीतून धार सोडायची. धार वाऱ्याला आडवी पाहिजे, नाहीतर भुसा राशीवरच पडतो. वारं पडलं की काम थांबलं, मग रात्री सुटलेल्या वाऱ्यावरही चालायचं.

आता मळणी यंत्र एका दुपारीत काम उरकतं. पण कणसं मोडायची मजुरी आणि उपटणीची मजुरी तशीच राहिली, उलट माणूस मिळेना. कापणी-मळणी एकदम करणारं मोठं यंत्र ज्वारीत चालत नाही असं नाही, पण ते कडब्याचा चुरा करतं, आणि कडबा गेला तर ज्वारीच्या पैशातला मोठा वाटा गेला.

सीनाकाठ

ताई, पहाटेच्या उपटणीचं कारण नेमकं लिहिलंत. कडबा रचण्याचंही कुणी लिहा.

भोगावती

लिहितो. पेंढ्या आधी उभ्या बुचाडात, शेंडे वर आणि बुडखे खाली पसरट, म्हणजे वारा आत खेळतो. पूर्ण वाळल्यावर गंजी किंवा लांब वळई. खाली दगड आणि तुराट्यांचा थर हवाच, नाहीतर वाळवी खालून वर येते आणि गंजी बाहेरून शाबूत, आतून पोकळ होते. माथा निमुळता, दोन्ही बाजूंना उतार, वर सरमाड टाकून दोरानं आवळायचं. मार्च-एप्रिलच्या अवकाळीत माथ्यातून पाणी शिरलं की कडबा काळा पडतो, बुरशी येते, जनावर तोंड लावत नाही. आजही पेंढ्यांचा भाव शेकड्यावर ठरतो, आणि टंचाईच्या वर्षी दाण्यापेक्षा कडब्याचीच चौकशी जास्त.

एक सावधगिरी, कारण नवीन गोठेवाले हे विसरतात. पाण्याचा ताण बसलेली कोवळी ज्वारी किंवा कापलेल्या बुडख्यांची नवी फूट जनावराला देऊ नका. त्यात हायड्रोसायनिक आम्लाचं प्रमाण जास्त असतं आणि जनावर तासाभरात दगावू शकतं. पीक फुलोऱ्यात आल्यावर धोका बराच कमी होतो.

पांढरीमाती

पेवावर माझ्याकडून.

जागा : गावठाणातली पांढरी किंवा कडक मुरूम, उंचवट्यावर. काळ्या मातीत पेव घेत नाहीत, ती फुगते, आक्रसते आणि ओल आत सोडते. आकार तोंडाला चिंचोळा, पोटात फुगीर. तोंड एक माणूस उतरेल एवढंच, दीड-दोन फूट. खोली दहा-बारा फूट.

भरण्याआधी : आत कडब्याचा जाळ करून भिंती शेकून घ्यायच्या, राख काढायची. तळाला कडबा-भुसकटाचा हातभर थर, भिंतीला कडब्याच्या पेंढ्या उभ्या लावत लावत दाणा ओतायचा. ज्वारी दाताखाली कटकन वाजली पाहिजे. दाबली गेली तर अजून ऊन द्या. वर पुन्हा भुसकट, मग दगडी झाकण, त्यावर चिखल आणि मातीचा ढीग, म्हणजे पावसाचं पाणी तोंडावर थांबत नाही.

हे टिकायचं कशामुळे? दाणा आणि आतले किडे दोन्ही श्वास घेतात, काही दिवसांत आतला प्राणवायू संपतो, किडे मरतात. औषध लागत नाही. झाकण फटलं किंवा घुशीनं बीळ पाडलं तर हा सगळा खेळ मोडतो. भिंतीलगतचा थोडा दाणा ओलसर होऊन आंबूस होणारच, तो वेगळा काढायचा. पेवातली ज्वारी खायला ठेवायची, पेरायला नाही. उगवणशक्ती जाते. बियाण्याची कणसं घरात आढ्याला टांगलेली असायची किंवा राख मिसळून मडक्यात.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं. जुन्या वाड्यात कुणाला पेव सापडलं तर आत उतरू नका. आत कर्बवायू साठलेला असतो, तो हवेपेक्षा जड, तळाला बसतो. त्याला वास नाही. जुनी पद्धत अशी की तोंड उघडून दिवसभर मोकळं ठेवायचं, मग पेटता कंदील दोरानं सोडायचा, विझला तर उतरायचं नाही. कंदील जळला तरी कमरेला दोर आणि वर धरायला दोन माणसं. आतला माणूस कोसळला तर मागोमाग उडी टाकायची नाही, दोरानंच ओढायचा. पेवातले अपघात बहुतेक वेळा दोघा-तिघांचे होतात ते याचमुळे.

मोहोळचा_माळ

पांढरीमाती, पेव थांबलं त्यात उजनीचा वाटा मोठा, आणि हे नीट सांगायला हवं.

माढा तालुक्यात भीमेवर धरण १९८० साली पूर्ण झालं. साठा सुमारे ११७ टीएमसी (अब्ज घनफूट), त्यातला सुमारे ६३ टीएमसी मृतसाठा, म्हणजे तळाचं, सहज सोडता न येणारं पाणी. म्हणूनच आपल्याकडे उन्हाळ्यात 'धरण मायनसमध्ये गेलं' हे रोजचं बोलणं. डावा-उजवा कालवा आणि भीमा-सीना जोडबोगदा यांच्या पाण्यावर माढा, मोहोळ, पंढरपूरकडे ऊस पसरला. आडसाली ऊस १६ ते १८ महिने शेतात उभा, म्हणजे शाळूचा हंगामच बुडाला. जिथं वर्षाचं धान्यच घरचं राहिलं नाही, तिथं पेव कशाला? बार्शी आणि अक्कलकोटच्या कोरड्या भागात ज्वारी, तूर, हरभरा त्यामानानं जास्त टिकले.

फायदा झाला, तो नाकारण्यात अर्थ नाही. १९७२ च्या दुष्काळात याच गावांतली माणसं खडी फोडायला आणि पाझर तलावाच्या कामावर होती. पण भारी काळ्या जमिनीला मोकाट पाणी दिल्याचा परिणाम दिसतोय. लक्षणं : वरती पांढरट थर, पाऊस थांबून आठ दिवस झाले तरी वाफसा नाही, उसाचा पेरा आखूड, पिवळी पानं. आधी मातीची तपासणी. जमीन चोपण (सोडियम जास्त असलेली) निघाली तर निचऱ्याचे चर काढल्याशिवाय जिप्सम टाकून उपयोग नाही, कारण सुटलेला सोडियम वाहून जायला वाट लागते. चर, मग जिप्सम तपासणीत सांगितलेल्या मात्रेत, मग धैंचा (हिरवळीचं खत) गाडणे, या क्रमानं. अन् पाणी ठिबकनं.

अडशेरी

बाजाराच्या मापांची नोंद राहू द्या. २ कोळवी म्हणजे १ चिपटं, २ चिपटी १ मापटं, २ मापटी १ शेर, २ शेर १ अडशेरी, २ अडशेऱ्या १ पायली, १६ पायल्या १ मण, २० मण १ खंडी. हे आकारमानाचं माप, वजनाचं नाही. म्हणून ठसठशीत वाळलेली ज्वारी आणि पोचट ज्वारी पायलीत सारखीच दिसायची, वजनात फरक. शीग (मापावरचा ढीग) लावून मोजायचं की सपाट, हे आधी ठरायचं, भांडणं तिथंच. मोजणारा पहिल्या मापाला एक न म्हणता 'लाभ' म्हणायचा. मेट्रिक पद्धत आल्यावर आडतीवर किलो-क्विंटल आले, तरी खेड्यात ज्वारीची उसनवार पायलीतच बराच काळ चालली.

कुर्डुवाडी_जंक्शन

बार्शीच्या बाजाराचा विषय निघाला तर बार्शी लाइट हवीच. अडीच फुटी नॅरोगेज, एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंजिनिअरची. १८९७ ला बार्शी रोड, म्हणजे आताची कुर्डुवाडी, ते बार्शी सुरू झाली. १९०६ ला पंढरपूर, १९११ ला लातूर, १९२७ ला मिरज. एका आसावर ५ टनांपेक्षा जास्त भार नाही हे धोरण, त्यामुळे हलके रूळ आणि स्वस्त पूल चालले. १९५४ ला सरकारनं घेतली.

अडचण कुर्डुवाडीला. नॅरोगेजच्या डब्यातला माल उतरवून मोठ्या गाडीत भरावा लागायचा. त्यावर हमालांच्या टोळ्या पोसल्या गेल्या, पण व्यापाऱ्याला प्रत्येक पोत्याला दोनदा हाताळणी, फाटतूट आणि दिरंगाई. ट्रक आल्यावर माल आधी रस्त्यावर गेला तो याच कारणानं. २००८ ला लातूर-कुर्डुवाडी सलग ब्रॉडगेज झाली. उस्मानाबाद शहर, आताचं धाराशिव, पहिल्यांदा रुळावर आलं. लांबच्या गाड्या मिळाल्या, अधलेमधले लहान थांबे मात्र गेले.

वडाळ्याची_लेक

भाकरीबद्दल दोन गोष्टी, कारण शहरातल्या मुली विचारतात की भाकरी तुटते का.

ज्वारीचं पीठ आठ-दहा दिवसांचंच दळून आणा. जुनं झालं की विरी (चिकटपणा) जाते आणि थापताना कडा फाटतात. तसं पीठ टाकू नका, कडकडीत पाण्यात भिजवून झाकून ठेवा आणि कोमट असताना चांगलं मळा. मळणं तळहाताच्या टाचेनं, गोळा गुळगुळीत होईपर्यंत. तव्यावर टाकल्यावर वरच्या पिठाच्या बाजूला लगेच पाणी फिरवा. पाणी वाळायच्या आत उलटली तर तव्याला चिकटते, फार वाळू दिलं तर भेगा पडून फुगत नाही. कडक भाकरीसाठी हीच भाकरी जितकी पातळ थापता येईल तितकी, भाजून झाल्यावर मंद धगीवर कापडानं दाबत पूर्ण ओल काढायची. मध्ये ओल राहिली तर चार दिवसांत बुरशी. नीट वाळलेली महिनाभर सहज जाते.

शेंगाची चटणी : पाव किलो भाजलेले, सोललेले शेंगदाणे, दहा-बारा लसूण पाकळ्या, दोन चमचे लाल तिखट, चमचाभर जिरं, मीठ. उखळात कुटायची, तेल सुटून गोळा धरेपर्यंत. मिक्सर सलग फिरवला तर कोरडा भुगा होतो, थांबून थांबून फिरवा आणि शेवटी खलबत्त्यात घाला.

चाकोरी

पांढरीमाती, आमच्याकडे वैरागजवळ माळवदाचं जुनं घर आहे. काही जण म्हणतात वर सिमेंटचा कोबा करा. करावा का?

पांढरीमाती

कोबा करू नका. कारण सांगतो.

माळवदाची रचना खालून वर अशी : खांब, तुळया, त्यावर आडवे सर, त्यावर किलच (लाकडाच्या चिरफळ्या), मग कडुनिंबाचा किंवा तरवडाचा पाला, त्यावर चिखल, वर माती आणि शेवटी दोन-तीन इंच खारी पांढरी माती. या मातीचे बारीक कण भिजले की सुटे होऊन छिद्रं बुजवतात, म्हणून पाणी आत जात नाही. काळी माती वाळली की तडकते, ती वर कधीच टाकायची नाही. लाकूड थोडं हलतं, माती त्याच्याबरोबर हलते, कोबा हलत नाही. त्याला केसाएवढी भेग पडते, पाणी आत जातं पण वाफ होऊन बाहेर येत नाही, आणि तुळईचं भिंतीतलं टोक कुजतं. बाहेरून काही दिसत नाही.

तुम्ही आधी वजन तपासा. दरवर्षी इंचभर नवी माती टाकत गेलेल्या घरांवर दोन दोन फूट थर साचलेला असतो. दहा बाय दहाच्या खोलीवर दोन फूट म्हणजे दोनशे घनफूट, जवळजवळ नऊ टन. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात जाड दगडमातीच्या भिंती आणि असली जड छपरं एकदम खाली आली. त्यानंतर सीमेवरच्या आपल्या गावांनीही माळवदं उतरवून पत्रे टाकले. पत्रा हलका खरा, पण मे महिन्यात दुपारी त्याखाली बसवत नाही.

माळवद ठेवायचंच असेल तर असं करा. काम मार्च-एप्रिलमध्ये. तुळयांना खालून टेकू द्या, मग जुनी माती एका कडेनं नाही तर सगळीकडून सारखी उतरवा. एकीकडे रिकामं आणि दुसरीकडे ढीग झाला की भिंत ढकलली जाते. तुळईच्या भिंतीतल्या टोकात टोच्या घालून बघा, दोन इंच आत गेला तर ती बदलायचीच. थर एकूण आठ इंचांच्या वर नको. भिंतीत आरपार लांब दगड नसतील तर त्याच वेळी बसवून घ्या, खांब-तुळईच्या कोनात तिरपे लाकडी टेकू मारा. साण्याभोवती (छतातल्या उजेडाच्या झरोक्याभोवती) आणि पन्हाळीच्या तोंडाशी माती चार बोटं उंच आणि घट्ट चोपलेली हवी, गळती निम्म्या वेळा तिथूनच.

उतार पन्हाळीकडे, दहा फुटांना तीन इंच तरी. मृगाच्या आधी चाळलेली खारी माती पसरा आणि पहिला हलका शिडकावा झाला की चोपण्यानं चोपा. कोरडी चोपली तर बसत नाही, चिखल झाल्यावर चोपली तर चिकटून उपटते. गवत दिसलं की मुळासकट काढा आणि खड्डा लगेच भरा. पुढच्या वर्षी नवी माती टाकताना तेवढीच जुनी खरवडून काढायची, म्हणजे वजन वाढत नाही.

चाकोरी

थर मोजला. साण्यातून टेप सोडून बघितलं तर एकवीस इंच भरला. टेकूसाठी बाभळीचं लाकूड चालेल का?

पांढरीमाती

चालेल, पण वाळलेलं घ्या. ओलं वाळताना आखडतं आणि टेकू सैल होतो. बुडाशी सपाट फरशीचा तुकडा, नाहीतर जमिनीत रुतेल. माथ्याशी पाचर मारून घट्ट करा आणि माती उतरवायच्या दिवशी सकाळी सगळ्या पाचरी परत ठोकून बघा. घरात त्या वेळी कुणी झोपलेलं नको.

सीनाकाठ

चाकोरी, काम सुरू झालं की तुळयांच्या टोकांचे फोटो इथं टाका, किती कुजल्यात ते बघून पुढचं ठरवता येईल. मोट आणि येळवशीची (वेळ अमावस्येची) आंबील अजून राहिली आहे. ज्याला मोटेच्या नाडा, सोंदूर या दोरांची आणि कण्याची मापं ठाऊक असतील त्यांनी पुढे लिहावं.